साक्षीदाराचे ऋण

नाटकाचा प्रयोग संपला की तो कोठेही उरत नाही. संहिता उरते, क्वचित नेपथ्याचे आराखडे उरतात, कंपनीच्या हिशेबाच्या वह्या उरतात, एखाद्या प्रेक्षकाने दुसऱ्या दिवशी मित्राला लिहिलेले पत्र उरते. परंतु त्या रात्री त्या नटाने एका शब्दापाशी घेतलेला विराम आणि त्या विरामात गोठलेले प्रेक्षागृह यांतले काहीही हाती लागत नाही. चित्रकाराची चूक भिंतीवर टिकून राहते व पुढच्या पिढीला ती तपासता येते. नटाची चूक आणि नटाचा साक्षात्कार ही दोन्ही एकाच क्षणी विझतात. अशा कलेचा इतिहास लिहिणारा प्राध्यापक आणि अशा कलेच्या तालमीत अंधारात बसून सल्ला देणारा नाट्यसल्लागार, या दोन भूमिका युरोपीय रंगभूमीवर बहुधा एकाच प्रकारच्या माणसांकडे आल्या. कधी कधी एकाच माणसाकडे आल्या. दिवसा तो मृत प्रयोगांचा माग काढतो आणि संध्याकाळी न जन्मलेल्या प्रयोगाच्या कानात बोलतो. रंगमंचावर त्याचे पाऊल पडत नाही. टाळ्या त्याच्यासाठी नसतात. प्रश्न असा की, तो नेमका कोणाला उत्तरदायी असतो?

मराठी नाट्यपरंपरेत या पदाला नेमका प्रतिशब्द नाही. गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर नटाला शब्द कसा उच्चारावा, पाऊल कसे टाकावे हे शिकवीत असे. त्याचे काम नट घडविण्याचे होते. नाट्यसल्लागाराचे काम याहून निराळे आहे. कोणते नाटक करावे, संहितेची कोणती प्रत विश्वासार्ह मानावी, कोणता प्रवेश वगळावा आणि वगळल्याने काय गमावले जाईल, याची जाणीव जागी ठेवणे हे त्याचे काम. त्याच्या हाती अधिकार फारसा नसतो. ज्ञान मात्र असते. आणि अधिकारावाचून असलेल्या ज्ञानाचे कर्तव्य काय, हा नीतिशास्त्रातला जुनाच प्रश्न येथे रंगभूमीच्या वेषात उभा राहतो.

या पदाचा इतिहास हँबर्ग शहरात सुरू होतो. १७६७ च्या एप्रिल महिन्यात तेथील काही व्यापाऱ्यांच्या पाठबळावर एक 'राष्ट्रीय' नाट्यगृह उघडले आणि गोट्होल्ड एफ्राइम लेसिंग या नाटककार-समीक्षकाला तेथे वेतनावर नेमण्यात आले. त्याने कंपनीसाठी नाटके लिहून द्यावीत अशी प्रारंभीची अपेक्षा होती. ठरल्या वेळी नाटक पाडून देणे आपल्याला जमणारे नाही, हे त्याने प्रांजळपणे सांगितले. मग त्याने प्रयोगांवर नियमित लिहावे असे ठरले. ते लेखन म्हणजे 'हँबर्गची नाट्यमीमांसा'. तिचे एकशे चार अंक झाले आणि नाट्यसल्लागाराच्या पदाला तिनेच नाव दिले.

लेसिंगची अडचण पहिल्याच काही महिन्यांत उघड झाली. तो ज्या संस्थेचा पगार घेत होता, तिच्याच नटांचे मूल्यमापन त्याला करावयाचे होते. प्रारंभीच्या अंकांत त्याने कोनराड एकहोफ या श्रेष्ठ नटाची वाचिक शैली अत्यंत सूक्ष्मपणे टिपली. नीतिपर वचने उच्चारताना हा नट आवाज कसा लावतो, हात कसा हलवितो, भावना आणि विचार यांचे प्रमाण कसे राखतो, हे त्याने असे लिहून ठेवले की, अडीचशे वर्षांनंतरही त्या नटाची आकृती पुसट का होईना, डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु एका अभिनेत्रीला त्याची टीका मानवली नाही, कंपनीत कुरबुर झाली आणि लेसिंगने नटांविषयी लिहिणे थांबविले. पुढचे अंक शोकात्मिकेचे स्वरूप, ॲरिस्टॉटलची करुणा आणि भीती, फ्रेंच नाटककारांचे नियमवेड, शेक्सपिअरचे सामर्थ्य अशा तात्त्विक विषयांकडे वळले. युरोपीय नाट्यविचाराच्या दृष्टीने ही वळणे फलदायी ठरली. त्या नटांच्या दृष्टीने मात्र तो मोठा तोटा होता. कारण त्यांचा एकमेव समर्थ साक्षीदार गप्प बसला होता.

या मौनाला काय म्हणावे? ते भित्रेपणाचे होते असे म्हणणे सोपे आहे. पण लेसिंगच्या उर्वरित आयुष्याकडे पाहता ते पटण्यासारखे नाही. धर्मपंडितांशी त्याने पुढे दिलेला झगडा भित्र्या माणसाचा नव्हता. अधिक खरे उत्तर असे दिसते की, ज्याच्याबरोबर रोज काम करावयाचे त्याचा न्याय जाहीरपणे करणे आणि त्याला विश्वासाने सल्ला देणे, ही दोन कामे एका माणसाने एकाच वेळी करू नयेत, हे त्याला कळून चुकले. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाची सिद्धी ठरविण्यासाठी 'प्राश्निक' सांगितले आहेत. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरणकार, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. ज्या विषयाचा अभिनय असेल त्या विषयाच्या जाणत्याने तेवढ्यापुरता निर्णय द्यावा. प्रेक्षकाचे सगळे गुण एका ठिकाणी सापडत नाहीत, याची स्पष्ट कबुली त्या ग्रंथात आहे. आणि हे प्राश्निक नटमंडळीचे वेतनदार नाहीत. ते बाहेरचे आहेत. हँबर्गच्या प्रयोगात लेसिंग एकटाच दहा प्राश्निकांचे काम करीत होता, तेही आतला माणूस होऊन. नाट्यगृह १७६९ मध्ये बंद पडले. त्याच्या लेखनाच्या चोरून छापलेल्या प्रती बाजारात आल्या. मीमांसेच्या अखेरीस त्याने कडवटपणे लिहिले की, जे अजून राष्ट्रच झालेले नाहीत त्यांना राष्ट्रीय रंगभूमी देण्याची कल्पना भाबडी होती. १७७० मध्ये तो वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून निघून गेला.

दुसरी व्यक्ती दीडशे वर्षांनंतरची. माक्स हेरमान यांचा जन्म १८६५ मध्ये बर्लिनला झाला. ते जर्मन साहित्याचे अभ्यासक. परंतु नाटक म्हणजे छापील संहिता, ही विद्यापीठीय समजूत त्यांना मान्य नव्हती. प्रयोग ही स्वतंत्र वस्तू आहे आणि तिचा अभ्यास स्वतंत्र शास्त्राने केला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्ययुग व प्रबोधनकाळातील जर्मन रंगभूमीवरील ग्रंथात त्यांनी एक विलक्षण साहस केले. सोळाव्या शतकात चर्मकार-कवी हांस झाक्स याच्या नाटकाचा प्रयोग न्यूर्नबर्गच्या मार्था चर्चमध्ये कसा झाला असेल, हे त्यांनी वास्तूची मापे, संहितेतील प्रवेश-निर्गमनांच्या सूचना आणि तत्कालीन कागदपत्रे यांच्या आधारे पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न केला. नट कोठून येत असेल, दोन पात्रांमध्ये किती अंतर असेल, प्रेक्षक कोठे बसत असतील, या एकेका प्रश्नासाठी त्यांनी पाने खर्ची घातली. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्यांनी जुन्या छापील नाटकांतील चित्रे तपासली आणि ही चित्रे रंगमंचाचा पुरावा म्हणून सरसकट वापरता येत नाहीत, हे दाखविले. एका हाताने बांधावे आणि दुसऱ्या हाताने पुराव्याची मर्यादा दाखवावी, अशी ही शिस्त होती.

लाइपझिगच्या आल्बर्ट क्योस्टर यांनी ही पुनर्रचना अमान्य केली. रंगमंच नेमका कोठे व कसा होता, यावर दोघा विद्वानांत वाद झाला आणि हेरमान यांनी १९२३ मध्ये क्योस्टर यांना उद्देशून जाहीर पत्राच्या रूपाने पुस्तक प्रसिद्ध केले. वरवर पाहता हा फळ्या आणि पायऱ्या यांवरचा क्षुल्लक वाद वाटेल. पण त्यामागे एक नैतिक धारणा आहे. जे लोक आपल्या बाजूने बोलू शकत नाहीत, त्यांच्याविषयी बोलताना अंदाज आणि पुरावा यांतली रेघ पुसू नये. मृतांना साक्षीला बोलाविता येते. त्यांच्या तोंडी आपली साक्ष घालता येत नाही. मार्था चर्चच्या वास्तूला २०१४ मध्ये आग लागली आणि काही वर्षांत तिची पुन्हा उभारणी झाली. वास्तूला हे भाग्य लाभते. प्रयोगाच्या वाट्याला ते नाही. त्याच्यासाठी केवळ साक्षीदाराचा प्रामाणिकपणा उरतो.

१९२० च्या सुमारास हेरमान यांचा विचार आणखी पुढे गेला. रंगभूमीचा मूळ अर्थ सामाजिक खेळ हा आहे, सर्वांनी सर्वांसाठी खेळलेला, आणि प्रेक्षक हा त्यातला सहकर्ता आहे, असे ते मांडू लागले. याचा अर्थ असा होतो की, इतिहासकाराला केवळ नटाचा आणि कवीचा हिशेब देऊन भागत नाही. जे श्वास रोखून बसले होते, ज्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत, त्यांचेही त्याला देणे आहे. १९२३ मध्ये बर्लिन विद्यापीठात त्यांच्या प्रयत्नांनी नाट्यविद्येची संस्था स्थापन झाली. १९३० मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले. ते ज्यू होते, आणि एवढ्या विलंबाची कारणे शोधताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

१९३३ च्या वसंतात विद्यापीठाच्या इमारतीत विद्यार्थी संघटनेची भित्तिपत्रके लागली. ज्यू माणूस जर्मन भाषेत लिहितो तेव्हा खोटे बोलतो, अशा आशयाचे कलम त्यांत होते. हेरमान यांनी मंत्र्यांना पत्र लिहून कळविले की, हे पत्रक लटकते आहे तोवर त्या इमारतीत पाऊल ठेवणे आपल्या प्रतिष्ठेला शक्य नाही. आपण जर्मन लिहितो, जर्मनमध्ये विचार करतो, आणि खोटे बोलत नाही. ज्याने आयुष्यभर प्रत्येक विधानापुढे पुराव्याचा दाखला ठेवला, त्याच्यावर भाषेनेच खोटेपणाचा आरोप व्हावा, यातील क्रूरता शब्दांत मावणारी नाही. त्याच वर्षी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. संस्था त्यांच्यावाचून चालू राहिली. ते घरी व्यावसायिक अभिनयकलेच्या उगमाविषयी ग्रंथ लिहीत राहिले: ग्रीक-रोमन काळात आणि पुन्हा आधुनिक युगाच्या आरंभी माणूस 'नट' हा व्यवसाय कसा पत्करतो, हा त्यांचा विषय होता. १९४२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना आणि त्यांच्या पत्नी हेलेने यांना थेरेझिएनश्टाटच्या छावणीत पाठविण्यात आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, ते तेथे मरण पावले. हेलेने हेरमान यांचा अंत १९४४ मध्ये आउश्वित्झला झाला. हस्तलिखित मात्र वाचले. रूत म्योवियस या त्यांच्या शिष्येने ते १९६२ मध्ये प्रसिद्ध केले.

तिसरी व्यक्ती हेरमान यांच्या अगदी उलट टोकाची आहे. यान कॉट यांचा जन्म १९१४ मध्ये वॉर्सॉला झाला. जर्मन ताब्यातील पोलंडमध्ये ते भूमिगत चळवळीत होते. युद्धानंतर ते नव्या राजवटीच्या वाङ्मयीन धोरणाचे प्रभावी प्रवक्ते बनले. १९४५ मध्ये त्यांनी जोसेफ कॉनरॅडवर एक गाजलेला लेख लिहिला. कॉनरॅडचे नायक ज्या निष्ठेचा गौरव करतात ती अखेर जहाजाच्या मालकांच्या हिताची आज्ञाधारकता आहे, असा त्याचा रोख होता. हे वाचणाऱ्यांमध्ये असे अनेक होते की, ज्यांच्या मित्रांनी व भावंडांनी त्याच निष्ठेच्या आधारावर वॉर्सॉच्या उठावात प्राण दिले होते. मारिया दोंब्रोव्स्का या ज्येष्ठ लेखिकेने त्याला उत्तर दिले. निष्ठेची अशी थट्टा करणाऱ्याने पुढे स्वतःच्या पक्षनिष्ठेचे काय केले, हे महत्त्वाचे आहे: १९५७ मध्ये कॉट यांनी पक्ष सोडला, १९६४ मध्ये सेन्सॉरशिपच्या विरोधात चौतीस लेखक-विद्वानांनी काढलेल्या पत्रावर सही केली, १९६६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तेथेच राहिले. स्टोनी ब्रुक येथील विद्यापीठात त्यांनी १९८३ पर्यंत अध्यापन केले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

या आयुष्यातून जो ग्रंथ निघाला तो शेक्सपिअरला आपला समकालीन ठरवितो. १९६१ मध्ये पोलिशमध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली, १९६४ मध्ये पीटर ब्रुक यांच्या प्रस्तावनेसह इंग्रजी भाषांतर आले आणि दिग्दर्शकांनी तो तालमीच्या टेबलावर ठेवला. शेक्सपिअरच्या राजनाट्यांत कॉट यांना एक प्रचंड यंत्र दिसते: पायऱ्या चढणारे आणि शेवटच्या पायरीवरून दरीत कोसळणारे राजे, एकामागून एक. लिअरमध्ये त्यांना बेकेटच्या नाटकांतला सांत्वनविरहित विदूषकी निरर्थकपणा दिसतो. ज्याने रात्री दारावर पडणारी थाप ऐकली आहे, ज्याने स्वतः एका सिद्धान्ताच्या सेवेत माणसे दुखावली आहेत, त्यालाच हे वाचन सुचू शकले असते. येथे इतिहासकाराने अंतर राखले नाही. त्याने आपली जखमच साधन म्हणून वापरली.

१९६२ मध्ये पीटर ब्रुक यांनी पॉल स्कोफिल्ड यांना घेऊन 'किंग लिअर' केले. त्या प्रयोगावर कॉट यांच्या लिअरविषयक प्रकरणाची छाया होती, हे अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे. त्यातील एक निर्णय येथे पाहण्याजोगा आहे. तिसऱ्या अंकाच्या अखेरीस ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात. एक सेवक आपल्याच धन्यावर तलवार उपसतो आणि त्यात मारला जातो. त्यानंतर उरलेले दोन सेवक काही ओळी बोलतात: एक म्हणतो, या वृद्धाला वाट दाखवायला कोणालातरी गाठू, दुसरा जवस-ताग आणि अंड्याचा पांढरा बलक आणायला जातो, रक्ताळलेल्या चेहऱ्यावर लावण्यासाठी. ब्रुक यांनी या ओळी काढून टाकल्या. आंधळा ग्लॉस्टर चाचपडत निघून जातो, कोणी त्याला हात देत नाही, आणि प्रेक्षागृहातले दिवे उजळतात. प्रेक्षकाला सांत्वन मिळू नये, हा त्यामागचा हेतू होता.

हा निर्णय योग्य होता काय? हेरमान यांच्या पंथाचा प्राध्यापक त्या तालमीत बसला असता तर त्याने प्रथम एक गोष्ट सांगितली असती: या ओळी १६०८ च्या पहिल्या छापील प्रतीत आहेत; १६२३ च्या मोठ्या संग्रहात त्या नाहीत. तेव्हा त्या वगळण्याला जुना आधार आहे. पण त्याने लगेच दुसरीही गोष्ट सांगितली असती. सतराव्या शतकात त्या का गळल्या हे तो संग्रह सांगत नाही, आणि विसाव्या शतकातले आपले कारण त्या जुन्या हातांच्या तोंडी घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. वगळायचे तर ते आपल्या नावाने वगळावे. कॉट यांच्या पंथाचा सल्लागार यावर म्हणेल की, आपल्या काळात ग्लॉस्टरला कोणीही औषध लावले नाही, हे आम्ही पाहिले आहे. रंगमंचावर ते लावले गेले तर प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जाईल. हे म्हणणेही पोकळ नाही. त्याच्या पाठीशी वॉर्सॉ आहे.

भारतीय विचारात माणूस ऋणे घेऊनच जन्मतो असे मानले आहे. बहुधा तीन ऋणांचा उच्चार होतो. महाभारताच्या आदिपर्वात पांडूच्या बोलण्यात मात्र चार ऋणे येतात: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि माणसांचे. यज्ञाने देवांचे फिटते, अध्ययन आणि तपाने ऋषींचे, संतती व श्राद्धाने पितरांचे. माणसांचे ऋण फेडण्याचा मार्ग तेथे सांगितला आहे तो आनृशंस्य, म्हणजे क्रूर नसणे. हा शब्द दानाहून लहान आणि दयेहून कोरडा वाटतो. पण सल्लागाराच्या धर्माला तो नेमका लागू पडतो. त्याला कोणावर उपकार करायचे नसतात. त्याला फक्त कोणालाही नाहीसे करायचे नसते.

या कसोटीने पाहिले तर तिघांच्याही जमाखर्चात काही बाकी राहते. लेसिंगने जिवंत नटांशी क्रूर होण्याचे टाळले, आणि त्यासाठी पुढच्या पिढ्यांचे ऋण थकवले. हेरमान यांनी मृतांशी काटेकोर प्रामाणिकपणा राखला. पण केवळ प्रामाणिकपणाने रंगभूमी पेटत नाही, हा आक्षेप त्यांच्या शास्त्रावर घेता येतो. कॉट यांनी जिवंत प्रेक्षकाचे देणे सर्वांत मोठ्या आवाजात फेडले. मात्र त्यांच्या प्रकाशात त्या दोन निनावी सेवकांची सावलीसुद्धा शिल्लक राहिली नाही. एके काळी निष्ठेला आज्ञाधारकपणा ठरविणाऱ्या विद्वानाच्या छायेतील प्रयोगात आज्ञा मोडून मरणारा सेवक राहिला आणि मलम आणणारा गेला, हा योगायोग असेल. पण विचार करायला लावणारा आहे. बंड दिसते. शुश्रूषा सहज वगळली जाते.

वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'वर लिअरची छाया आहे. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात मुलांच्या घरातून बाहेर पडलेल्या वृद्ध नटाला फूटपाथवर आधार देतो तो बूटपॉलिश करणारा एक पोरगा. शेक्सपिअरच्या एका छापील प्रतीत चार ओळींपुरते आलेले आणि दुसऱ्या प्रतीत गळून पडलेले ते आनृशंस्य मराठी नाटककाराने मूठभर ओळींतून बाहेर काढून एक पात्र केले, असे म्हटले तर ते फार ताणलेले होणार नाही. त्याने प्रेक्षक निश्चिंत झाले नाहीत. बेलवलकरांचे दुःख त्या पोराच्या सोबतीने हलके झाले नाही. ते अधिक उघडे पडले. सांत्वन काढून टाकल्यानेच दुःखाचे सत्य कळते, हा सिद्धान्त तेवढ्यापुरता तरी अपुरा ठरतो.

तेव्हा अधिकारावाचून ज्ञान बाळगणाऱ्याचे कर्तव्य काय, या प्रश्नाचे उत्तर काहीसे मर्यादित स्वरूपात देता येईल. निर्णय दिग्दर्शकाचा असतो. शरीर नटाचे असते. अखेरचा न्याय प्रेक्षकाचा असतो. सल्लागाराने एवढेच करावयाचे की, निर्णयाच्या क्षणी जे वगळले जात आहे त्याचे नाव घ्यावे. हे नाव घेतल्यावरही ओळी वगळल्या जातील, नाट्यगृह बंद पडेल, पत्रक भिंतीवर लटकत राहील. ज्ञानाने हेरमान यांना वाचविले नाही. परंतु थेरेझिएनश्टाटला जाण्यापूर्वीची वर्षे त्यांनी कशात घालविली हे विसरता येणार नाही. ज्यांचा समाज त्यांना उपरे ठरवीत होता त्या नटांच्या पहिल्या पिढ्यांविषयी, ज्यांची नावेही धड उरलेली नाहीत अशांविषयी, ते पुराव्याचा शब्दन् शब्द पारखून लिहीत होते. त्यांना ते छापलेले पाहता आले नाही. वीस वर्षांनी एका शिष्येने ती पाने छापखान्यात नेली, आणि त्या नटांच्या साक्षीदाराची साक्ष नोंदली गेली.